जीपवाल्यांचा संघ : महिंद्रा युनायटेडची ४८ वर्षे

राष्ट्रीय फुटबॉल लीगचे १९९६-९७ ते २००६-०७ असे ११ हंगाम झाले. त्यांतली ६ विजेतेपदे कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी जिंकली. उरलेली पाचही उद्योगसमूहांच्या संघांकडे गेली : फगवाड्याच्या कापडगिरणीचा जेसीटी, गोव्याच्या खाणमालकांचे साळगावकर आणि डेम्पो (दोनदा), आणि मुंबईचा महिंद्रा युनायटेड. आज उद्योगसमूहांच्या या संघांपैकी एकही देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये नाही. मुंबईला पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळवून देणाऱ्या महिंद्राची कहाणी त्यातही चटका लावणारी आहे.

नोकरी आणि फुटबॉल

महिंद्रा अँड महिंद्राने हा संघ १९६२ साली उभा केला. स्वातंत्र्यानंतर जीपच्या जुळणीमुळे कंपनीचे नाव घरोघरी पोहोचले होते, म्हणून पुढे हे खेळाडू ‘जीपमेन’ या नावाने ओळखले गेले. त्या काळी मुंबईचे फुटबॉल कंपन्या, बँका, रेल्वे आणि गिरण्यांच्या संघांवर चालत असे. हारवूड लीग आणि नाडकर्णी चषकात त्यांच्या झुंजी होत. १८९१ पासूनच्या रोव्हर्स करंडकासाठी देशभरचे संघ मुंबईच्या कुपरेज मैदानावर येत. १९५८ साली तो करंडक कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाने जिंकला होता.

या व्यवस्थेचे मोल मोठे होते. खेळातून पोट भरत नसे, अशा काळात चांगल्या खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. गुडघा दुखावला तरी पगार चालू राही आणि निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधी हाती येई. चाळीत किंवा कोळीवाड्यात वाढलेल्या मुलाच्या आईवडिलांना ‘पोरगा फुटबॉल खेळतो’ हे सांगताना धीर यायचा, तो या नोकरीमुळे.

सुवर्णकाळ

१९९८ मध्ये संघाने ड्युरँड करंडक जिंकला. २००० साली त्याचे नाव ‘महिंद्रा युनायटेड’ झाले आणि कर्मचाऱ्यांच्या संघाचा व्यावसायिक क्लब झाला. करारावरचे खेळाडू आणि परदेशी आघाडीपटू आले. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन चषक, अशी घोडदौड सुरू झाली.

२००५-०६ चा हंगाम शिखराचा ठरला. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. ब्राझीलचा जोसे रामिरेझ बारेटो आणि घानाचा युसुफ याकुबू आघाडीला होते. त्या एकाच मोसमात संघाने फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय लीग, दोन्ही जिंकले. पुढे २००६ आणि २००८ मध्ये आयएफए शिल्ड कोलकात्यातून मुंबईत आली. २००७ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत लेबनॉनच्या अल-नेजमेहने संघाची वाट रोखली. त्याच वर्षी दिल्लीत नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियाविरुद्ध भारताचा एकमेव, विजयी गोल केला तो महिंद्राच्याच एन. पी. प्रदीपने. २००८ मध्ये ड्युरँड तिसऱ्यांदा मुंबईला आला.

शेवट

आणि २००९-१० चा हंगाम संपताना कंपनीने संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. यापुढे शालेय पातळीवर लक्ष देऊ, असे कारण दिले गेले आणि शालेय मुलांसाठी स्पर्धाही सुरू झाली. ते काम मोलाचे होते. पण शाळेतल्या मुलाने ज्याच्याकडे पाहून स्वप्न रंगवायचे, तो मुंबईतला अव्वल संघच उरला नाही. पुढच्याच वर्षी जेसीटी बंद झाला. २०१६ मध्ये साळगावकर आणि डेम्पो यांनीही आय-लीगमधून माघार घेतली.

कंपनीचा संघ म्हटला की तो केव्हा तरी बंद पडणारच, असे मात्र नाही. जर्मनीतल्या बायर लेव्हरकुसेनचा जन्मही कारखान्यातच झाला. १९०३ साली बायरच्या कामगारांनी खेळाच्या क्लबसाठी कंपनीला विनंतीपत्र लिहिले आणि १९०४ साली क्लब स्थापन झाला. जर्मनीत क्लबवर सभासदांचेच नियंत्रण असावे असा नियम आहे. दीर्घ पाठबळामुळे बायरला त्यातून सूट आहे. तरीही १९७९ पासून हा संघ सलग पहिल्या श्रेणीत आहे आणि २०२३-२४ मध्ये त्याने ३४ सामन्यांत एकही पराभव न पत्करता बुंडेसलीगा जिंकली. तेथे कारखाना, गाव आणि क्लब एकत्रच वाढले. क्लबचे स्वतःचे मैदान आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक ‘कारखान्याचा संघ’ हे बिरुद अभिमानाने मिरवतात.

महिंद्राला खेळाडू, पैसा आणि करंडक सारे काही मिळाले, पण शहर मिळाले नाही. कुपरेज लहान आणि भाड्याचे. हंगामी तिकिटे, सभासद, वस्तीवस्तीतले पाठीराखे हे सारे बांधायला हवे होते. कोलकात्यात मोहन बागान बंद करायचा विचार जरी कुणी बोलून दाखवला तरी रस्ते भरतील. मुंबईत महिंद्रा बंद झाला तेव्हा तसे काहीच घडले नाही, कारण तो अजूनही ‘कंपनीचा’च होता.

आज क्लब काढणाऱ्या प्रत्येक उद्योगसमूहाने महिंद्राच्या या ४८ वर्षांतून एक धडा घ्यायला हवा : पहिल्या दिवसापासून क्लबचा काही वाटा शहराच्या हाती द्यावा. सभासदत्व, हक्काचे मैदान आणि कारभारात पाठीराख्यांचा आवाज असला, तर मालकाचे मन बदलले तरी क्लबला दुसरा आधार उरतो. खेळाडूच्या नोकरीची काळजी आपल्या उद्योगांनी एकेकाळी घेतली. तेवढ्याच आस्थेने त्यांनी क्लबच्या आयुष्याचीही तजवीज केली, तर मुंबईला पुन्हा आपला विजेता संघ असा अचानक गमवावा लागणार नाही.