हँग होणारा जुना डेस्कटॉप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधेरीतल्या करसल्लागाराचं ऑफिस, बोरिवलीच्या सोसायटीचं कार्यालय, मुलुंडमधलं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. अशा ठिकाणी दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आजही रोज चालू असतो. कुणाचे टॅलीतले जुने हिशेब त्यात असतात, कुणाच्या श्रीलिपीत टाइप केलेल्या पत्रिका. तो हँग होऊ लागला की सल्ल्यांना तोटा नसतो : फॉरमॅट मार, रॅम टाक, नवाच घे. पण हँग होणं हा ताप आहे, आजार नव्हे. कारण न शोधता केलेला खर्च बहुधा वाया जातो, आणि कधी कधी त्यात डेटाही जातो.

गैरसमज : हँग झाला म्हणजे व्हायरस शिरला.
वस्तुस्थिती : व्हायरसमुळे यंत्र अडकू शकतं, पण आजचे बरेचसे व्हायरस गुपचूप काम करतात, कारण यंत्र चालू राहण्यातच त्यांचा फायदा असतो. उलट भीतीपोटी टाकलेले दोन अँटिव्हायरस प्रत्येक फाइल दोनदा तपासतात आणि जुनं यंत्र जेरीस आणतात. एकच ठेवा. यंत्र अडकलं की आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जिवंत आहे. एखादा प्रोग्राम किंवा हार्ड डिस्क अडली आहे. दिवा ढिम्म असेल, तर यंत्रच थांबलं आहे. मग संशय रॅम, वीज, मदरबोर्ड किंवा ड्रायव्हरवर घ्यायचा.

गैरसमज : फॉरमॅट मारला की यंत्र नव्यासारखं होतं.
वस्तुस्थिती : विंडोज बिघडलं असेल तर फरक पडतो, डिस्क झिजली असेल तर नाही. डिस्कवरचा एखादा भाग वाचता आला नाही की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि विंडोज तोवर ताटकळतं. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहणं ही त्याची एक खूण. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम चालवा. त्यात ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर आधी डेटा दुसरीकडे उतरवा. ‘सीआरसी एरर’ वाढत असतील, तर बहुधा साटा केबलचा दोष असतो. ती स्वस्तात बदलता येते. आणि डिस्क धडधाकट असूनही विंडोज १० रखडत असेल, तर एसएसडी बसवा. जुन्या यंत्राला सर्वांत मोठा फरक त्यानेच पडतो.

गैरसमज : रॅम वाढवली की प्रश्न सुटतो.
वस्तुस्थिती : टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत भरलेली दिसत असेल, तरच. ३२ बिटचं विंडोज ७ किंवा १० असेल, तर ४ जीबीपुढची रॅम त्याला वापरताच येत नाही. शिवाय जुनी पट्टी सदोष असेल, तर शेजारी नवी लावून दोष जात नाही. पावसाळ्यातली दमट, खारी हवा पट्टीच्या संपर्काला बाधते. म्हणून वायर काढून पट्टी बाहेर घ्या, सोनेरी कड स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा, कचरा झटका आणि क्लिप टक्‌ करून बसेपर्यंत दाबा. मग विंडोजमधलीच मेमरी डायग्नॉस्टिक चाचणी किंवा ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवा. एकही चूक सापडली, तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासा.

गैरसमज : झाकण उघडं ठेवलं की यंत्र तापत नाही.
वस्तुस्थिती : उघड्या कॅबिनेटमध्ये हवेची ठरलेली वाट मोडते आणि धूळ, झुरळं, पाली आत शिरतात. घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गावर मेट्रो ४ च्या कामाची धूळ सोसलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. प्रोसेसरवरचा पंखा काढलात तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा राखाडी थर दिसेल. तो ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. इंटेलच्या मूळ पंख्याच्या चार पिनांपैकी एखादी सुटलेली नाही ना, तेही पाहा. हीटसिंक उचलला असेल, तर थर्मल पेस्ट नव्याने लावा. फार तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि मर्यादा ओलांडली की यंत्र बंद पाडतो. त्यामुळे ‘आधी मंद, मग बंद’ असं होत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर.

गैरसमज : मुंबईत लाइट जात नाही, शिवाय यूपीएस आहे, मग विजेचा दोष कसा?
वस्तुस्थिती : मुंबईभर वीज गेली होती, तो १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस अपवादच. पण भिंतीतली वीज चोख असली, तरी ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलणारा एसएमपीएस म्हातारा होतो. १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली गेली, तर दोष तिथे आहे. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसतात का, तेही पाहा. एसएमपीएस मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहतो. चांगला दुसरा लावून पाहणं हीच खरी चाचणी.

गैरसमज : सारखं रिफ्रेश केलं की मेमरी मोकळी होते.
वस्तुस्थिती : रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात. बाकी काही होत नाही.

गैरसमज : विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून यंत्र अडकतं.
वस्तुस्थिती : १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा मोफत सपोर्ट संपला, पण त्या तारखेमुळे यंत्र हँग होत नाही. प्रश्न सुरक्षेचा आहे : नवे दुरुस्ती-अपडेट मिळत नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका. बहुतेक जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ब्राउझर आणि पत्रलेखन एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंट मोफत मिळतं आणि त्यावर युनिकोड मराठीही टाइप होते. टॅली किंवा श्रीलिपी त्यावर सरळ चालत नाहीत, हे मात्र आधी लक्षात घ्या.

मग सुरुवात कुठून करायची? आधी डेटाची प्रत. मग धूळ, मग केबल आणि रॅम, मग डिस्क, मग एसएमपीएस. विंडोज सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. यंत्र कधी आणि काय करताना अडकलं, ते वहीत लिहा. दुरुस्तीवाल्याला ती वही दाखवा, बदललेला जुना भाग परत मागा आणि यंत्र त्याच्यासमोर तासभर चालवून मगच पैसे द्या. एवढं करूनही मदरबोर्डच गेला असं ठरलं, तर यंत्र ई-कचऱ्यात अवश्य द्या. पण त्याआधी डिस्क काढून घ्या. यंत्र दुसरं मिळेल, तुमचे हिशेब आणि फोटो मिळणार नाहीत.