जिथे बर्फ, तिथे कॉलेज!

मुलाने कोणत्या कॉलेजात जावे, याविषयी आपल्या घरांतून काही ठराविक प्रश्न विचारले जातात. निकाल कसा लागतो, प्राध्यापक कोण आहेत, फी किती, जवळपास मावशी किंवा आत्या राहते का, आणि पुढे नोकरीचे काय? एवढ्यांची उत्तरे मनासारखी मिळाली की वडीलमंडळी फॉर्मावर सही करून मोकळी होतात. "तिथे बर्फ किती पडतो?" हा प्रश्न आपल्या यादीत नसतो.

अमेरिकेत मात्र हा प्रश्न विचारणारी मुले पुष्कळ भेटतात. फ्लॉरिडातल्या समुद्रकाठी वाढलेला मुलगा एके दिवशी जेवणाच्या टेबलावर जाहीर करतो की, मी युटाला नाही तर कोलोरॅडोला शिकायला जाणार. घरापासून दोन हजार मैल! कारण विचारावे तर उत्तर एकच : स्कीइंग. पायांना दोन लांब, गुळगुळीत पट्ट्या बांधायच्या आणि डोंगराच्या माथ्यावरून बर्फावर सुसाट घसरत यायचे, या खेळापायी चार वर्षांचे घर ठरते. आईचा चेहरा उतरतो, वडील हिशेबाची वही काढतात. हे निव्वळ खूळ म्हणावे की त्यात काही अर्थ आहे?

या खुळाचा इतिहास जुना आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाचे लहानसे गाव आहे. तिथले डार्टमथ कॉलेज १७६९ सालचे. हिवाळा कडक आणि लांबलचक. मुले खोल्यांची दारे लावून आत कंटाळत बसत. १९०९ च्या डिसेंबरात फ्रेड हॅरिस नावाच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून सुचवले की, बर्फात हिंडणाऱ्यांचा एक संघ काढू या. त्यातून डार्टमथ आउटिंग क्लब जन्माला आला आणि १९११ पासून हिवाळी जत्रा, म्हणजे विंटर कार्निव्हल, भरू लागली. १९२० साली याच हॅरिसने 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात या खेळांवर सचित्र लेख लिहिला, आणि त्यानंतर कॉलेजकडे प्रवेशाचे अर्ज भराभर वाढले. जो हिवाळा कॉलेजची अडचण होता, तोच त्याची जाहिरात झाला!

या जत्रेची कीर्ती हॉलिवुडपर्यंत गेली. १९३९ साली तिच्यावर चित्रपट काढायचे ठरले. निर्माता डार्टमथचाच जुना विद्यार्थी. कथा लिहिण्यासाठी त्याने नामांकित कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड आणि तरुण लेखक बड शुलबर्ग यांना हॅनोव्हरला आणले. फिट्झजेराल्डसाहेब बर्फापेक्षा मद्यातच अधिक रमले आणि दोघांनाही तिथल्या तिथे कामावरून दूर करण्यात आले. चित्रपट मात्र त्याच वर्षी पडद्यावर आला. पुढे १९५६ साली डार्टमथने स्कीइंगसाठी स्वतःचा डोंगरच तयार केला. शेजारच्या व्हरमाँट राज्यातील मिडलबरी कॉलेजचाही असा डोंगर आहे. तिथे फेब्रुवारीत पदवी घेणारी मुले-मुली काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून डोंगरउतारावरून घसरत खाली येतात. पदवीदानाचा असा थाट आपल्या कुलगुरूंना कितपत रुचेल कोण जाणे!

पण हे पूर्वेकडचे डोंगर ठेंगणे. खरे वेड लावतात ते पश्चिमेचे पर्वत. कोलोरॅडोतील डेन्व्हर विद्यापीठाने १९५४ साली कॉलेजांची पहिली राष्ट्रीय स्की-स्पर्धा जिंकली आणि विली शेफलर या प्रशिक्षकाच्या हाताखाली तेरा अजिंक्यपदे मिळवली. त्या संघात नॉर्वेहून आलेले विद्यार्थीही असत. म्हणजे बर्फाच्या देशातली मुलेही बर्फासाठीच समुद्र ओलांडून कॉलेजात येत होती.

युटा विद्यापीठाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. सॉल्ट लेक सिटी हे मोठे शहर. विद्यापीठ शहराच्या पूर्वेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. तिथून पाऊण तासाच्या वाटेवर आल्टा आणि स्नोबर्ड ही स्कीइंगची ठिकाणे आहेत. आल्टा हे मूळचे चांदीच्या खाणींचे गाव. खाणी बसल्या, गाव ओस पडले. आणि १९३९ च्या जानेवारीत खाणीच्या जुन्या तारा-खांबांचा उपयोग करून तिथे माणसे वर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्या सुरू झाल्या. दिवसाचे तिकीट दीड डॉलर होते. २०२२-२३ च्या मोसमात तिथे ९०३ इंच हिम पडले. म्हणजे पंचाहत्तर फूट, सहा-सात मजली चाळ सहज बुडेल एवढे!

आता वडिलांच्या वहीकडे वळू. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठे राज्यातल्या मुलाला एक फी लावतात आणि परराज्यातल्याला दुसरी. ही दुसरी दोन-तीनपट असते. पश्चिमेकडील राज्यांनी यावर आपसांत तोड काढली आहे. योजनेत सामील असलेली कॉलेजे शेजारच्या राज्यांतील निवडक विद्यार्थ्यांकडून आपल्या फीच्या दीडपटीहून अधिक घेत नाहीत. युटात आणखी एक सोय आहे. परराज्यातला विद्यार्थी वर्षभर सलग तिथे राहिला आणि आपण आता इथलेच झालो असे कागदोपत्री सिद्ध करू शकला, तर पुढे त्याला स्थानिकांची फी लागते. आपल्याकडून व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र ही सवलत नाही.

खेळाचा खर्च वेगळाच. कोलोरॅडोतील व्हेलसारख्या नावाजलेल्या ठिकाणी गर्दीच्या दिवसांत एका दिवसाचे तिकीट तीनशे डॉलरांच्या वर गेले आहे. उलट संपूर्ण मोसमाचा पास विद्यार्थ्याला सवलतीत मिळतो आणि चार-सहा फेऱ्यांतच त्याचे पैसे वसूल होतात. म्हणजे लांबून दोन दिवसांसाठी येणारा पाहुणा खिसा रिकामा करून परततो, आणि पायथ्याशी राहणाऱ्याला तोच खेळ परवडतो. काही मुले तर टांगत्या खुर्च्यांवर लोकांना बसवण्याचे काम करतात. त्यांना पगारही मिळतो आणि पासही. पायथ्याशीच राहायला जाण्याचा हट्ट म्हणूनच वाटतो तितका वेडगळ नाही.

वहीत न मांडता येणारी बाब आहे ती जिवाची. हिमाचे थर एकमेकांना नीट धरून नसले की अख्खा उतार एकदम सुटतो. याला हिमस्खलन म्हणतात. आल्टाला या संकटाचा अभ्यास १९४० च्या दशकापासून चालू आहे. तोफा डागून सैल झालेले हिम मुद्दाम पाडण्याची पद्धतही तिथे रुजली. धोका फार वाढला की घराबाहेर पाऊल टाकण्यासही बंदी होते. राखलेल्या उतारांवर एवढी काळजी घेतली जाते. पण तरुण पाय पलीकडच्या मोकळ्या डोंगरांकडे वळतात. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी सॉल्ट लेक सिटीजवळच्या मिलक्रीक दरीत आठ जण हिमाखाली सापडले आणि चौघे दगावले. चौघेही विशीतले होते. त्यांच्यापाशी साधने होती, अनुभवही होता; आणि धोका मोठा असल्याचा इशारा त्या सकाळी दिलेला होता. दोन हजार मैलांवरच्या आईला रात्री झोप लागत नसेल, तर ती उगीच घाबरते असे कोणी म्हणू नये.

मग मुलाला नाही म्हणावे काय? आपल्याकडेही कोकणातली मुले घर सोडून पुण्याला आली, वार लावून जेवली आणि शिकली. ती विद्येसाठी आली हे खरे. पण त्यांना घडवले ते केवळ वर्गाने नव्हे. शहराने, सोबत्यांनी आणि स्वतःच्या पोटाची व्यवस्था स्वतः करण्याच्या सक्तीनेही घडवले. बर्फामागे गेलेला मुलगाही हेच शिकतो. शनिवारी डोंगर हवा असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत निबंध पुरा करावा लागतो, पहाटे उठून हिमाचा इशारा वाचावा लागतो, आणि मित्र "चल" म्हणत असताना "आज नको" म्हणण्याचे धैर्य अंगी आणावे लागते. हे धैर्य नसेल, तर वर्गातल्या रिकाम्या बाकाची बातमी परीक्षेच्या निकालातून घरी कळते.

म्हणून आईबापांनी अशा चिरंजीवांना किंवा कन्येला एकच प्रश्न विचारावा : "पहिल्याच महिन्यात तुझा गुडघा मोडला आणि डॉक्टरांनी वर्षभर खेळ बंद केला, तरी तू त्याच कॉलेजात राहशील ना?" युटाच्या बाबतीत होय म्हणायला जागा आहे. संगणकावर चित्रे काढण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत हे विद्यापीठ अग्रेसर होते, आणि १९८२ साली कायमचे म्हणून बनवलेले पहिले कृत्रिम हृदय माणसाच्या छातीत बसवले गेले तेही इथेच. उत्तर ठाम होय आले, तर जाऊ द्यावे. बर्फ हा वरचा नफा समजावा. मुलगा उत्तर देताना घुटमळला, तर मात्र सुट्टीत आठ दिवस बर्फात पाठवावे आणि कॉलेज दुसरे शोधावे. त्यात फी वाचेल, आणि पोराची हौसही भागेल.