गच्चीवरचे आकाश आणि आपले डोळे

संक्रांत जवळ आली की बडोद्याच्या गच्च्यांना जाग येते. तिळगुळाचे ताट खाली घरात आणि सारी मंडळी वर, हा इथल्या मराठी कुटुंबांचाही रिवाज होऊन गेला आहे. १४ जानेवारीस सकाळपासून ‘काइपो छे’ची आरोळी घुमू लागते आणि मुलांची मान जी वर होते, ती दिवेलागणीपर्यंत खाली येत नाही. मांजाने कापू नयेत म्हणून आपण त्यांच्या बोटांना पट्ट्या बांधतो. डोळ्यांची आठवण मात्र क्वचितच कोणास होते.

आमच्या आतेभावाने लहानपणी सूर्याकडे टक लावून पाहण्याची पैज जिंकली होती. आज पन्नाशी उलटली, तरी वाचताना ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच त्याला पुसट दिसते. सूर्यबिंबाकडे थेट पाहिल्याने डोळ्याच्या आतील दृष्टिपटलास इजा होते. त्या पटलास वेदना जाणवत नाही, म्हणून इजा होताना कळतही नाही. आणि ती कधी कधी जन्मभर राहते. तेव्हा पतंग सूर्याच्या दिशेला गेला तर त्याचा शोध घेऊ नये. ढील देऊन तो बाजूला येऊ द्यावा.

दुसरा अपाय सावकाश होणारा आहे. उन्हातील अतिनील किरण दिसत नाहीत. परंतु त्यांचा परिणाम वर्षानुवर्षे साठत जातो. त्यामुळे मोतीबिंदूचा, तसेच पांढऱ्या बुबुळावरून काळ्यावर मांस वाढत येण्याचा धोका वाढतो. मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक पारदर्शक असते, म्हणून हे किरण त्यांच्या डोळ्यांत अधिक खोलवर पोहोचतात. पातळ ढगांनीही ते पुरते अडत नाहीत.

मग काळा चष्मा घ्यावा काय? अवश्य घ्यावा, पण पारखून. काच काळी असली म्हणजे ती किरण अडवतेच असे नाही. उलट अंधारामुळे बाहुली विस्फारते आणि निकृष्ट काचेतून किरणांना वाट अधिकच मोकळी होते. चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ अशी खूण पाहावी. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण तो अडवतो, असा तिचा अर्थ. मात्र असा चष्मा लावूनही सूर्याकडे पाहू नये. जोडीला तीन इंच रुंद काठाची टोपी असावी आणि भर दुपारी तासभर तरी मुलांना खाली जेवायला बोलवावे.

यंदा फिरकी घेताना घरातील प्रत्येक मुलासाठी एक टोपीही घ्यावी, एवढेच आमचे सांगणे.