रुमाल सोडल्यानंतर

आजच्या वाचकास ‘रुमाल’ म्हटले की खिशातील वीतभर वस्त्रच आठवावयाचे. परंतु पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल म्हणजे कागदांचे गाठोडे, आणि अशा हजारो रुमालांत रोजकीर्दी, ताळेबंद, सनदा, महजर, निवाडपत्रे अशी मराठी राज्याची सारी लेखनसंपदा बांधून ठेवलेली आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील वेचे ४५ खंडांत छापविले, तरीही तो त्या संग्रहाचा अल्पसा अंशच होय. मग ज्यास आपल्या गावाच्या इतिहासाचे एखादे दालन अवघ्या तीस-चाळीस कागदांत मांडावयाचे आहे, त्याच्या निवडीचे ओझे संपादकाच्या निवडीहून किती जड! खंडाचा वाचक बैठक मारून पान मागे उलटू शकतो. प्रदर्शनास येणारा गृहस्थ मुलाचे बोट धरून उभ्याउभ्याच पाहतो, आणि मोडी अक्षर तर त्यास बहुधा वाचताच येत नाही.

अशा वेळी संयोजकाची दृष्टी प्रथम जाते ती थोरांच्या शिक्क्यामोर्तबाकडे, आणि ते स्वाभाविकही आहे; परंतु एकटा कागद कितीही मातबर असला तरी मुकाच राहतो. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्यास १६,११० रुपये खर्च आल्याचे सांगतात. हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला, तर आजच्या दराने एवढ्यात एक खोलीही होत नाही, असे म्हणून पाहणारा हसेल व पुढे जाईल. त्याच शेजारी त्या काळच्या हिशेबातील गवंडी-सुतारांच्या रोजमुऱ्याचे किंवा धान्याच्या दराचे एखादे पान ठेवले, म्हणजे तोच आकडा बोलू लागतो.

माझ्या मते दालनात मानाचे स्थान द्यावयाचे ते महजरास. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसून जो निर्णय होई, त्याखाली हजर असणारांची नावे येत. आणि ज्यांस अक्षरओळख नसे ते आपापल्या धंद्याची निशाणी करीत, म्हणजे कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. छापील खंडात याचे ‘निशाणी नांगर’ एवढेच दोन रुक्ष शब्द उरतात. मूळ कागदावर मात्र बोरूने काढलेला तो चिमुकला नांगर दिसतो, आणि मोडीचे एक अक्षरही न येणारे पोर तो ओळखते. जे मुद्रणात हरवते ते दाखविणे हेच प्रदर्शनाचे खरे बलस्थान असताना कित्येक संयोजक भिंतीभर टंकलिखित मजकूर कां लावतात, हे मला उमगलेले नाही.

परिचयपट्टी लिहिताना कालनिर्णयाची दक्षता विशेष घ्यावी लागते. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर सन ११७३. यात ५९९ मिळविले की १७७२ येते, ज्या वर्षी थोरले माधवराव थेऊरास निवर्तले. परंतु सुहूर सन मृगाच्या सुमारास पालटते, तेव्हा जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे लागतात. महिना उमगत नसेल तर पट्टीवर ‘१७७२-७३’ असे लिहावे, उगाच एका सालाची छाती ठोकून ग्वाही देऊ नये.

राहिला जतनाचा प्रश्न. देशी काजळी शाई उजेडास दाद देत नाही, पण पाण्याने विरघळते. कंपनी सरकारच्या इंग्रजी कागदांवरील लोहयुक्त शाई उलट फिकी पडते आणि कागदासही खाते. उजेडाची हानी तर साठतच जाते, म्हणून तो सुमारे ५० लक्सइतकाच मंद ठेवतात. एका गावी मी जुनी सनद डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटविलेली पाहिली; पाठीवरील शेरे तिच्याबरोबर कायमचे झाकले गेले होते. त्यापेक्षा काही महिन्यांनी अस्सल काढून हुबेहूब नक्कल लावावी, आणि तसे पट्टीवर स्पष्ट नमूद करावे. अस्सल बाहेर असेतोवर रुमालातील त्याच्या जागी कागदाचा क्रमांक व नेल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, म्हणजे परतताना तो आपल्या जुन्या शेजाऱ्यांमध्येच जाऊन बसतो.