खिशांतील गायनयंत्र

गेल्या पाडव्यास आमच्या धाकट्या चिरंजीवानें घरांत एक गायनयंत्र आणून ठेविलें. आकारानें काडेपेटीएवढें, अंगावर चार कळा आणि एक इवलासा पडदा. आमच्या थोरल्या वहिनी ब्याऐंशी वर्षांच्या. मोबाईलवर गाणें ऐकतांना मध्येंच कोणाचा तरी फोन येतो आणि गाणें तुटतें, म्हणून त्यांच्यासाठीं ही स्वतंत्र योजना. अशा वस्तूचें परीक्षण करण्याचा आमचा अधिकार तो काय? छत्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या, एवढाच.

२००१ सालीं ॲपल कंपनीनें ‘आयपॉड’ काढला, तेव्हां त्यांत हजार गाणीं मावतात याचें केवढें कौतुक झालें! २०२२ सालीं तो बंदहि झाला. त्या पहिल्या आयपॉडांत ५ गिगाबाईट जागा होती. आमच्या काडेपेटींत १६ आहे. साधारण प्रतीच्या ‘एमपी३’ मुद्रणास मिनिटाला सुमारें एक मेगाबाईट लागतो, म्हणजे अडीचशें तासांचें गाणें यांत सुखानें राहील. ही किमया अशी कीं, मोठ्या स्वराजवळचा लहान स्वर कानास ऐकूं येत नाहीं. तो झांकलेला अंश गाळून उरलेलें तेवढेंच नोंदावयाचें. १२८ किलोबिटांच्या मुद्रणांत सीडीवरील नोंदीचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. आम्हीं मुद्दाम तंबोऱ्याकडे कान दिला. खर्ज ठीक होता, पण जवारीचा झणत्कार पुसट वाटला. तेंच गाणें ३२० किलोबिटांनीं भरून घेतल्यावर मात्र आम्हांस भेद सांगतां आला नाहीं. सबब, भरणारानें जागेचा लोभ धरूं नये.

यंत्रास रागसमयाचें ज्ञान नाहीं. तें रोमन अक्षरांच्या क्रमानें वाजवितें, म्हणून अहिर भैरव संपतो न संपतो तोंच बागेश्री सुरू होते!

हे दोष सोसण्यासारखे. आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. वहिनी लग्नापूर्वीं गाणें शिकत. या घरांत आल्यावर तें सुटलें; कां सुटलें, हें कोणीं विचारलें नाहीं, आम्हींहि नाहीं. पूर्वीं रेडिओ लागला म्हणजे स्वयंपाकघरांतून कोणी ओळ पुरी करी, ओटीवर राग ओळखण्याची पैज लागे. आतां वहिनी कानांत बोंडें घालून झोंपाळ्यावर बसत. एके सायंकाळीं त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलें. कोणतें गाणें चाललें होतें, हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें.

१९७९ सालीं जपानांत सोनीनें पहिला ‘वॉकमन’ काढला, त्यास दोघांनीं ऐकण्यासाठीं दोन भोकें होतीं आणि एक नारिंगी कळ होती; ती दाबली कीं गाणें मंद होऊन दोघांस आपसांत बोलतां येई. एकट्यानेंच ऐकणें असभ्य दिसेल, असें कंपनीच्या अकिओ मोरिता यांस वाटलें होतें. पुढें ती कळ गळाली. आमच्या मतें यंत्राचा उत्तम भाग तोच होता.

हें ऐकून आमच्या बारा वर्षांच्या नातीनें बाजारांतून दुतोंडी जोड आणविला. पण आवाजाची कळ एकच. वहिनींस पुरेल एवढा आवाज मुलीच्या कानास घातक. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांस आठवड्यास ४० तासांकरितां ८० डेसिबलांची मर्यादा सांगते, मुलांस ७५ ची. अखेर तारेवरच आवाजाची चकती असलेलीं बोंडें नातीसाठीं आणिलीं, तेव्हां दोघींचें जमलें. घेणारानें ही जोडी यंत्राबरोबरच घ्यावी.

परवां नात धांवत आली. “आजोबा, मोठी आजी म्हणते, हा भूप नव्हे, देशकार आहे. सूर तेच, मग राग वेगळा कसा?” आम्हांस उत्तर येईना. तें वहिनींनीं दिलें, झोंपाळ्यावरूनच, गाऊन.

आतां नातीनें एक कोरी वही मागून घेतली आहे. वहिनी सांगतात तें ती सायंकाळीं लिहून घेते. तेवढा वेळ यंत्र बंद असतें.