कंबर कोण बांधतो?

नामपल्लीचे रेल्वे स्थानक 1907 मध्ये सुरू झाले. सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांतून येथे आजही मराठी तरुण कामधंद्याच्या शोधात उतरतात. गाव सोडण्याचा निश्चय पुष्कळदा एका रात्रीत झालेला असतो. खिशात थोडे पैसे आणि मनात स्वतःविषयी अमर्याद खात्री. असा तरुण मंडळीत आला म्हणजे पाळकांपुढे पेच पडतो. त्याचा उतावळेपणा दडपावा, की त्याच्या हाती तत्काळ सेवा सोपवावी?

या प्रसंगी आम्हांस पेत्राचे स्मरण होते. योहानकृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात प्रभू कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र प्रथम पाय धुऊ देत नाही, आणि लगेच हात व डोकेही पुढे करतो. नकार काय किंवा अतिरेक काय, दोहोंत हट्ट त्याचाच. 21 व्या अध्यायात प्रभू किनाऱ्यावर आहे हे कळताच तो अंगरखा कंबरेशी आवळून समुद्रात उडी घेतो. पुढे त्याला तीनदा कळप सोपविला जातो, आणि त्याच्या तारुण्यातील स्वैर चालण्याची आठवण देऊन, म्हातारपणी त्याची कंबर दुसरा बांधील असे सांगितले जाते. मूळ ग्रीकमध्ये या सर्व ठिकाणी एकाच धातूची रूपे आहेत. शेवटचे वचन पेत्राच्या मरणाविषयी आहे, हे सुवार्तिक स्वतःच स्पष्ट करतो. तेव्हा त्यातून वाटेल तो अर्थ काढू नये. तथापि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात नम्रता धारण करण्यास सांगताना जो शब्द योजिला आहे, त्यात दासाने कामाचे वस्त्र अंगाशी बांधण्याची छटा आहे. पाय धुऊ न देणाऱ्या शिष्याच्या नावाच्या पत्रात हा शब्द यावा, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

आमच्या मराठी मंडळीतील उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळक स्वभावाने लहरी. मनात आले की घराबाहेर पडत. 1893 मध्ये राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान दत्तू यांची ताटातूट झाली. तेथून पुढची वर्षे लक्ष्मीबाईंनी कशी काढली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावाचून कोणी टिळकांच्या त्यागावर प्रवचन करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे त्या पतीकडे परतल्या खऱ्या, पण केवळ पतीचा धर्म म्हणून त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे मनाला पटण्यापर्यंतची वाट त्या स्वतः चालल्या, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने टिळकांचा स्वभाव पालटला काय? आम्हांस तसे दिसत नाही. घरातील वस्तू दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची घाई तशीच राहिली, आणि तिचा भार लक्ष्मीबाईंवर पडत राहिला. पालटली ती दिशा. पूर्वी ओढ स्वतःच्या शोधाकडे होती, ती आता दुसऱ्याच्या गरजेकडे वळली. 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. 1919 च्या मे महिन्यात ते निवर्तले, आणि दरबार बाल्यावस्थेतच राहिला.

म्हणून नव्या तरुणास पहिल्याच महिन्यात व्यासपीठावर उभे करू नये आणि रिकामेही बसवू नये, असे आम्ही सुचवितो. मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर त्याला आजाऱ्याच्या घरी पाठवावे. औषध आणणे, पाणी भरणे, रात्री उशाशी बसणे ही कामे द्यावीत. त्याच्या घरी कोण मागे राहिले आहे, याचीही चौकशी करावी, आणि पत्र लिहिण्यास त्याला त्याच दिवशी बसवावे.