प्रोजेक्ट आपल्याच लूमवर करा, पण सुरुवात कुठून?

बीकॉम-बीबीएच्या मुलांना प्रोजेक्ट करायला सांगितलं की बरेच जण मोबाइल नाहीतर कोल्ड्रिंकची कंपनी धरतात. नेटवर तयार मजकूर मिळतो ना! मालेगाव-भिवंडीत ज्या घरात अब्बा, चाचा सगळे लूमवर, तिथला मुलगाही हेच करतो. आम्ही म्हणतो, यंत्रमागच घ्या. वीजदराचा, सवलतीचा विषय निघाला की लूम किती, खर्च किती, असं विचारलं जातं आणि दाखवायला आपल्याकडे कागद नसतो.

पण 'मालेगावचा यंत्रमाग उद्योग' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: चोवीस लूमच्या मालकाला स्वतः सूत घेऊन कापड विकणं परवडतं, की व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणून देणं? एवढ्यातच महिनाभराचं काम निघेल.

मग सरकारी कोड शोधा. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये विणकाम १३१२ मध्ये आहे, सूतकताई १३११ मध्ये आणि प्रोसेसिंग १३१३ मध्ये. हा कोड माहीत नसेल तर सगळ्या आकड्यांची खिचडी होते.

खरी अडचण पुढे आहे. उद्योगांची वार्षिक पाहणी मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांची असते. कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे मिळतात, पण आपले बहुतेक लूमवाले प्रोप्रायटर नाहीतर भागीदार, त्यांचा ताळेबंद तिथं सापडणारच नाही. छोट्यांसाठी असंघटित क्षेत्रातील उद्योगांची वार्षिक पाहणी बघा. त्यात राज्याचं चित्र मिळतं, मोहल्ल्याचं नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, मात्र नोंदणी झाली म्हणजे लूम चालूच आहे असं समजू नका. शेअर बाजारात उतरणाऱ्या कापड कंपन्यांचा मसुदा सेबीच्या साइटवर फुकट वाचता येतो आणि त्यात उद्योगाचा आढावा असतो. तो आढावा बऱ्याचदा कंपनीनेच पैसे देऊन करून घेतलेला असतो, म्हणून जरा जपून.

बाकीचं गल्लीतच मिळेल. मालेगावात जुम्याला लूम बंद असतात, नमाजनंतर माणसं निवांत बोलतात. मजुरी विचारताना 'मीटरला किती' एवढ्यावर थांबू नका, पिकाला किती पैसे ते विचारा, कारण हिशोब तिथूनच सुरू होतो. सायझिंगचा खर्च, बीम बदलताना लूम किती वेळ थांबतो, ग्रे कापड प्रोसेसिंगला कुठे जातं, पैसे किती दिवसांनी येतात, हेही विचारा. वीजबिल बघायला मिळालं तर उत्तमच. सवलतीत २७ अश्वशक्तीपर्यंतचे आणि त्यावरचे असे गट आहेत, दोन्हीतले लूमवाले भेटायला हवेत. एकट्या मालकाचं ऐकून परतू नका, कामगारालाही विचारा, फक्त मालकासमोर नको. नाव छापणार नाही हे आधीच सांगून टाका.

आणि प्रत्येक आकड्यापुढे तारीख लिहा. सुताचा भाव सारखा हलतो. तारीख नसलेला भाव सरांचं सोडा, शेजारच्या लूमवाल्यालाही पटणार नाही.